वंडर वूमन : नाव, कुळ आणि वेश

मराठीतील स्त्रीवाचक नामांचा विचार करू लागले की एक गोष्ट सहज ध्यानी येते. यांतील पुष्कळशी नामे स्वतंत्र नसून पुरुषवाचक नामांपासून प्रत्ययाने सिद्ध झालेली आहेत. वाघ-वाघीण, माळी-माळीण, पाटील-पाटलीण ही उदाहरणे शालेय व्याकरणातली आहेत. त्यांतही ‘पाटलीण’ या शब्दाचा रूढ अर्थ ‘पाटीलकी करणारी स्त्री’ असा नसून ‘पाटलाची पत्नी’ असा आहे. म्हणजे प्रत्यय केवळ लिंग सांगून थांबत नाही, तो नातेही सांगतो. अमेरिकेतील चित्रकथांमध्ये ज्या अतिमानवी नायिका अवतरल्या, त्यांच्या नावांतही हीच प्रक्रिया आढळते. फरक इतकाच की तेथे प्रत्ययाचे काम समासातील उत्तरपद करते. १९३८ मध्ये सुपरमॅन जन्मला आणि १९५९ मध्ये त्याची चुलत बहीण म्हणून सुपरगर्ल आली. १९३९ मध्ये बॅटमॅन आला आणि १९५६ मध्ये त्याच्या मागोमाग बॅटवूमन. पुढे बॅटगर्लही आली. मूळ नाव पुरुषाचे, त्यातील ‘मॅन’ काढून तेथे ‘वूमन’ किंवा ‘गर्ल’ बसविले की नायिका तयार! या नावांची व्युत्पत्ती आणि त्या पात्रांची वंशावळ या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या नियमाला ठळक अपवाद आहे तो वंडर वूमन या नायिकेचा. १९३९ मध्ये ‘वंडर मॅन’ नावाचे एक पात्र एका अंकापुरते येऊन गेले होते हे खरे; परंतु ते सुपरमॅनचे अनुकरण असल्याच्या कारणावरून न्यायालयीन दावा झाला आणि ते पात्र तेथेच संपले. वंडर वूमन त्याची कोणी लागत नाही. ती कोणाची बहीण नाही, कोणाची शिष्या नाही आणि, निदान तिच्या आरंभीच्या कथेत तरी, कोणाचीही कन्या नाही, या अर्थी की तिला पिताच नाही. प्रस्तुत लेखात तिचे कुळ, स्वभाव आणि वेश यांचा परिचय करून देताना हा एकच धागा हाती धरावयाचा आहे: पुरुषापासून व्युत्पन्न न झालेले एक नाव, आणि ते व्युत्पन्न करून घेण्याचे पुढे झालेले प्रयत्न.

नावाचा निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन (१८९३–१९४७) हा व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ होता. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट त्याने १९२१ मध्ये मिळविली. माणूस खोटे बोलत असताना त्याच्या रक्तदाबात जो फरक पडतो तो मोजून असत्य ओळखण्याची पद्धत त्याने मांडली होती. ती पुराव्यादाखल स्वीकारण्यास न्यायालयाने १९२३ मधील फ्राय खटल्यात नकार दिला, आणि तो निर्णय अमेरिकन पुराव्याच्या कायद्यात पुढे दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. चित्रकथांच्या प्रकाशकाने सल्लागार म्हणून नेमल्यावर त्याने चार्ल्स मोल्टन या टोपणनावाने ही नायिका निर्माण केली. त्याच्या मूळ टाचणात तिचे नाव ‘सुप्रीमा’ असे होते. संपादक शेल्डन मेयर याने ते गाळून ‘वंडर वूमन’ एवढेच ठेवले. ही काटछाट मोठी भाग्याची म्हणावी लागेल, कारण ‘सुप्रीमा’ हे नाव टिकले असते तर ‘सुपर’ या पूर्वपदाचा लॅटिन गोतावळा तिच्यामागे कायमचा लागला असता. चित्रे हॅरी पीटर याने काढली. १९४१ च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात ती प्रथम दिसली, जानेवारी १९४२ च्या ‘सेन्सेशन कॉमिक्स’पासून तिची कथा नियमित सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या स्वतःच्या नावाचे मासिक निघाले.

हे नाव मराठीत आणावयाचे झाल्यास काय होईल, याचा येथे थोडा विचार करण्यास प्रत्यवाय नाही. १९६४ मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या ‘इंद्रजाल’ मालिकेने फँटमला ‘वेताळ’ करून मराठी वाचकांच्या घरी पोचविले आणि ते नाव त्याला असे चिकटले की मूळ नाव परके वाटावे. ‘वंडर वूमन’ला असे तयार नाव सापडत नाही. ‘नवलाची बाई’ म्हटले तर थट्टा होते. ‘आश्चर्यकारक महिला’ म्हटले तर ती एखाद्या मंडळाची कार्यवाह वाटते. ‘नारी’ काव्यात शोभते, ‘स्त्री’ शास्त्रात. ‘अद्भुतनारी’ हा त्यातल्या त्यात सुसह्य पर्याय; पण मार्स्टनने ‘गर्ल’ न म्हणता मुद्दाम ‘वूमन’ म्हटले, त्यातील प्रौढपणाचा साधा, रोजचा सूर त्यातही हरवतो. म्हणून मूळ नावच येथे ठेवले आहे.

आता कुळाकडे वळू. वंडर वूमन ही ॲमेझॉन, म्हणजे ग्रीक पुराणांतील योद्ध्या स्त्रियांच्या जमातीतली. ग्रीकांनी या स्त्रियांना जी नावे आणि विशेषणे दिली ती भाषाभ्यासकाला फार बोलकी वाटतील. होमरच्या ‘इलियड’मध्ये त्यांना ‘अँटिआनेइराइ’ असे विशेषण आहे. त्यातील ‘आनेर’ हा शब्द आपल्या ‘नृ’, ‘नर’ या शब्दांचा सगोत्र. ‘अँटि’ या उपसर्गाचे मात्र दोन अर्थ संभवतात: ‘नरांच्या तोडीच्या’ आणि ‘नरांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या’. टीकाकारांनी दोन्ही अर्थ घेतले आहेत. हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या खंडात सिथियन लोक त्यांना ‘ओइओरपाता’ म्हणतात असे सांगून त्याचा अर्थ ‘पुरुषघातिनी’ असा दिला आहे. त्यातील ‘ओइओर’ या अंशाचा संबंध इराणी आणि संस्कृत ‘वीर’ शब्दाशी जोडला जातो. खुद्द ‘ॲमेझॉन’ शब्दाची फोड ग्रीकांनी ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘माझोस’ म्हणजे स्तन अशी केली, आणि धनुष्य ओढता यावे म्हणून या स्त्रिया एक स्तन नष्ट करीत अशी कथा त्या फोडीला आधार म्हणून रचली. ही लोकव्युत्पत्ती होय. ग्रीक शिल्पकारांनी मात्र त्यांना दोन्ही स्तनांसह कोरले आहे. शब्दाने केलेली विकृती छिन्नीने मान्य केली नाही, हे शिल्पकारांचे श्रेय!

या तिन्ही नावांत समान काय आहे ते पाहावे. नरांच्या तोडीच्या, नरांना मारणाऱ्या, स्त्रीत्वाची खूण नसलेल्या: तिन्ही ठिकाणी मोजपट्टी पुरुषाची आहे. ग्रीक कथेत ॲमेझॉन शेवटी हरावयाच्या असतात, हेही याच मोजपट्टीला धरून आहे. हेराक्लीसच्या बारा कामगिऱ्यांपैकी नववी म्हणजे हिपोलिता राणीचा कमरपट्टा आणणे. अपोलोडोरसच्या कथनात तो तिला ठार करून पट्टा घेऊन जातो. आपल्याकडील स्त्रीराज्याच्या कथा याहून सौम्य आहेत, पण त्यांचा शेवटही पुरुषाच्या सोयीचा आहे. जैमिनीय अश्वमेधातील प्रमिला अर्जुनाचा घोडा अडविते आणि अखेर त्याची पत्नी होते. नाथपंथीय कथांत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंततात ते गोरखनाथांनी सोडवून न्यावे यासाठीच.

मार्स्टनने ही कथा उलटी केली. त्याची हिपोलिता हेराक्लीसला द्वंद्वात जिंकते. तो कपटाने तिचा पट्टा हिरावतो, ॲमेझॉनांना बेड्या घालतो. आफ्रोडाइटी देवी त्यांना मुक्त करते, परंतु एका अटीवर. पुरुषांच्या अधीन झाल्याची आठवण म्हणून त्यांनी मनगटांत कंकणे कायम वागवावयाची. मग त्या पुरुषांच्या जगापासून दूर, ‘पॅराडाइज’ बेटावर राहू लागतात. तेथे हिपोलिता मातीची एक बालमूर्ती घडविते. मूर्ती घडविण्याची विद्या अथीनाची, प्राण आफ्रोडाइटीचा. ती मूर्ती म्हणजेच डायना. जन्मकथेत आई आहे, दोन देवता आहेत, माती आहे, पिता नाही.

डायना हे नाव मात्र ग्रीक नव्हे, रोमन देवतेचे, आणि त्याच्या मुळाशी ‘दिव्’, ‘देव’ या आपल्या शब्दांशी सगोत्र असा धातू मानला जातो. ग्रीक बेटावर लॅटिन नाव कसे, असा प्रश्न मार्स्टनला पडलेला दिसत नाही. तो पडला जॉर्ज पेरेझला, १९८७ मध्ये, त्याविषयी पुढे.

स्टीव्ह ट्रेव्हर नावाचा अमेरिकन सैन्यातील गुप्तवार्ता अधिकारी विमान कोसळून बेटावर येऊन पडतो. त्याला परत पोचवावयास कोणी जावे हे ठरविण्यासाठी स्पर्धा होते. राणीने मनाई केली असूनही डायना मुखवटा घालून उतरते आणि जिंकते. स्पर्धेतील शेवटचा खेळ झाडलेल्या गोळ्या कंकणांवर झेलण्याचा. अमेरिकेत आल्यावर तिला तेथील एक नाव लागते. ते ती विकत घेते! डायना प्रिन्स नावाची एक परिचारिका दक्षिण अमेरिकेत गेलेल्या आपल्या वाग्दत्त वराकडे जाण्यास पैसे नाहीत म्हणून रडत असते. वंडर वूमन तिला पैसे देते आणि तिचे नाव व ओळखपत्रे घेते. दोघींचे रूप सारखे, नावही सारखे. कथेच्या दृष्टीने हा योगायोग लंगडा आहे, परंतु पितृनाम म्हणून मिळालेले नव्हे तर रोख देऊन घेतलेले हे आडनाव आमच्या मुद्द्याला किती अनुकूल आहे, हे सांगावयास नको.

स्वभावाविषयी लिहिताना बहुतेक लेखक ‘शौर्य आणि करुणा’ एवढे सांगून थांबतात. ते खरे असले तरी अपुरे आहे. तिच्या स्वभावाचा खरा उलगडा होतो तो तिच्या दोन वस्तूंतून, कंकणे आणि पाश. कंकण हे एकाच वेळी दास्याचे स्मारक, ढाल आणि मर्मस्थान आहे. पुरुषाने दोन्ही कंकणे साखळीने एकत्र जखडली तर तिची शक्ती जाते. कंकणे काढून टाकली तर ती बेभान होऊन विध्वंस करू लागते. म्हणजे बंधन मुळीच नसणेही घातक आणि दुसऱ्याने बांधलेले बंधनही घातक. मार्स्टनच्या मते प्रेमाने स्वीकारलेली अधीनता ही मानवी सुखाची किल्ली होती. १९२८ मध्ये त्याने सामान्य माणसांच्या भावनांवर लिहिलेल्या ग्रंथात हा सिद्धान्त आहे. चित्रकथेत तो इतक्या वेळा साखळदंड आणि दोरखंड यांच्या रूपाने आला की प्रकाशकांच्या सल्लागार मंडळातील जोसेट फ्रँक या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९४३ मध्ये लेखी आक्षेप घेतला. तो आक्षेप निराधार नव्हता. सिद्धान्त आणि हौस यांतील सीमारेषा मार्स्टनच्या पानांवर पुष्कळदा पुसली जाते.

पाशाविषयी एक समजूत रूढ आहे. असत्य ओळखण्याच्या पद्धतीचा प्रणेता, म्हणून त्याच्या नायिकेच्या हाती सत्य बोलविणारा पाश, असे सरळ समीकरण मांडले जाते. परंतु १९४२ मधील मूळ पाश सत्य बोलविणारा नाही, आज्ञा पाळावयास लावणारा आहे. त्याने बांधलेला माणूस सांगितलेले काहीही करतो, त्यात खरे बोलणेही आले. तो केवळ सत्याचा पाश झाला तो पुढील काळात, आणि १९८७ च्या पुनर्रचनेत हा अर्थ पक्का झाला. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पाश आज्ञार्थाकडून स्वार्थाकडे, म्हणजे आज्ञेकडून विधानाकडे सरकला. हे दोन अर्थ पुन्हा एकमेकांवर आदळले ते २००५ मध्ये. मॅक्सवेल लॉर्ड नावाचा खलपुरुष सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतो. पाशात बांधून वंडर वूमन त्याला विचारते की हे थांबवावयाचे कसे. मला मारल्याखेरीज थांबणार नाही, असे तो सांगतो, आणि पाशात असल्याने ते असत्य असूच शकत नाही. ती त्याची मान मोडते. उत्तर विधानरूप होते. परिणाम आज्ञेचा झाला. जी नायिका आरंभीच्या कथांत पॉला फॉन गुंथर या नाझी हस्तक स्त्रीलादेखील न मारता सुधारून आपली सहकारी करते, तिच्या हातून हे व्हावे यावरून वाचकांत मोठा वाद झाला. माझ्या मते त्या प्रसंगाचे बळ लेखकांनी भाषेचे हे कोडे नीट ओळखल्यात आहे.

तिच्या बोलण्याची एक लकब येथेच नोंदवावी. आश्चर्य किंवा संताप व्यक्त करताना ती हेरा, मिनर्व्हा, सॅफो यांची नावे घेते. इंग्रजीतील रूढ उद्गारांत ईश्वर पुल्लिंगी असतो. तिच्या उद्गारांत देवता आहेत आणि एक कवयित्री आहे.

वेश तिला आईने दिला आहे. लाल कंचुकीवर सोनेरी गरुड, निळ्या वस्त्रावर पांढरे तारे, लाल जोडे, कपाळावर लाल ताऱ्याची मुकुटपट्टी. आरंभीचा घोळदार निळा घागरा लवकरच तोकड्या चड्डीत बदलला. ज्या बेटाने पुरुषांचे जग सोडले त्या बेटावरून अमेरिकन ध्वजाचे रंग घेऊन ती येते, याचे कारण १९४१ च्या युद्धकाळात आहे, ग्रीक पुराणात नाही. १९८२ मध्ये छातीवरचा गरुड जाऊन तेथे तिच्या नावाची दोन इंग्रजी आद्याक्षरे आली: राष्ट्राचे चिन्ह गेले आणि व्यापारी मुद्रा आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्त्रिया व मुली यांच्या सबलीकरणासाठी तिला मानद दूत नेमले, तेव्हा संस्थेतील कर्मचाऱ्यांनीच या तोकड्या, ध्वजरंगी वेशाला आणि अशक्य देहप्रमाणाला हरकत घेतली. डिसेंबरात ती नियुक्ती संपली. या वादात दोन्ही बाजूंना काही सत्य आहे. वेश तिचा स्वतःचा असला तरी तिला पाहणारी नजर पुष्कळ काळ पुरुष चित्रकारांचीच होती. तिचे मासिक एका स्त्रीने, ट्रीना रॉबिन्स हिने, प्रथम चित्रित केले ते १९८६ मध्ये.

मार्स्टनच्या मृत्यूनंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल, कारण त्यातील बरीच वर्षे रुक्ष आहेत. रॉबर्ट कॅनिघर याच्या लेखणीखाली विवाहाचा प्रश्न पुढे आला. इतिहासातील थोर स्त्रियांची जी चरित्रे मासिकात येत, त्यांची जागा निरनिराळ्या देशांतील लग्नाच्या चालीरीतींनी घेतली. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथांविरुद्ध ग्रंथ लिहिला, त्यात वंडर वूमनवरही ठपका होता. १९६८ मध्ये तर तिची शक्ती, पाश आणि वेश सर्व काढून घेण्यात आले. ती डायना प्रिन्स म्हणून कपड्यांचे दुकान चालवू लागली आणि तिला आय चिंग नावाचा एक अंध वृद्ध गुरू मिळाला. कुळाच्या जागी गुरुकुल आले, आणि त्याचा प्रमुख पुरुष! जुलै १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम हिच्या ‘मिझ’ मासिकाने पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर तिला जुन्या वेशात उभे केले, आणि १९७३ च्या आरंभी तिची शक्ती परत आली. ‘मिझ’ या संबोधनाचे वैशिष्ट्य हेच की ते स्त्रीचा उल्लेख पती असण्या-नसण्यावरून करीत नाही. या नायिकेला याहून समर्पक आश्रय मिळणे कठीण होते.

१९८७ च्या पेरेझच्या पुनर्रचनेत बेटाला थेमिस्किरा हे ग्रीक पुराणातील नगराचे नाव मिळाले. डायना या लॅटिन नावाचाही उलगडा झाला: पूर्वी डायना ट्रेव्हर नावाची एक वैमानिक स्त्री बेटावर येऊन ॲमेझॉनांसाठी लढताना मरण पावली होती, तिच्या स्मरणार्थ हे नाव. ही स्टीव्हची आई. म्हणजे नावाचा वारसा येथेही स्त्रीकडून स्त्रीकडे गेला. शिवाय पेरेझची डायना इंग्रजी जाणत नाही. पूर्वीची नायिका अमेरिकेत इंग्रजी बोलतच उतरली होती. हिला बॉस्टनमध्ये ज्युलिया कॅपाटेलिस या ग्रीक संस्कृतीच्या अभ्यासक प्राध्यापिकेकडून भाषा शिकावी लागते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे आरंभीचे अंक अवश्य पाहावेत. पुराणातील स्त्री आधुनिक जगात आली तर तिची पहिली अडचण शत्रू ही नसून वाक्यरचना ही असेल, हे तेथे ओळखले गेले आहे.

मातीची जन्मकथा पेरेझने राखली होती. २०११ मध्ये सुरू झालेल्या, ब्रायन अझरेलो याने लिहिलेल्या आणि क्लिफ चिआंग याने चितारलेल्या मालिकेत ती मोडली. माती ही हिपोलिताने हेराच्या मत्सरापासून मुलीला वाचविण्यासाठी सांगितलेली थाप ठरली. डायना ही झ्यूस आणि हिपोलिता यांची कन्या निघाली. कथा म्हणून ही मालिका उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. ग्रीक देवकुळातील भाऊबंदकी तिच्यात आल्याने नायिकेला सख्खे-सावत्र नातलग मिळाले, संघर्ष घरचा झाला. पण सात दशके जे नाव कोणाचे स्त्रीलिंगी रूप नव्हते त्याला आता मूळ धातू सापडला, आणि तो झ्यूस होता. आपल्याकडील गणेशजन्माची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. शिवपुराणातील पार्वती अंगच्या मळापासून पुत्र घडविते, त्या घडणीत शिवाचा अंश नसतो. शिव येतो, अडविणाऱ्या त्या मुलाचे मस्तक उडवितो आणि मग त्याला आपला पुत्र म्हणून स्वीकारतो. तेथे निदान पिता उशिरा आल्याचे कथा लपवीत नाही. अझरेलोच्या मालिकेत पिता आरंभापासूनच होता असे दाखविले जाते, आणि खोटे ठरते ते आईचे कथन.

२०१७ मध्ये पॅटी जेन्किन्स या दिग्दर्शिकेने केलेल्या चित्रपटातही हाच क्रम आहे. लहानग्या डायनाला आई मातीची गोष्ट सांगते, आणि पुढे युद्धभूमीवर तिला कळते की ती झ्यूसची मुलगी आहे. या चित्रपटाचे शीर्षक ‘वंडर वूमन’ असे असले तरी संपूर्ण चित्रपटात तिला या नावाने कोणीही हाक मारीत नाही.